कोकिळाबाईंची नोटीस

स्कूटर कोकिळाबाईंच्या नावावर होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं महाभारत त्या एका गोष्टीमुळे घडलं. आणि ती त्यांच्या नावावर का होती, तर बाईमाणसाच्या नावावर गाडी घेतली की शोरूमवाला एक हेल्मेट फुकट देत होता. शिवदास दिवेकर फुकटचं हेल्मेट सोडणाऱ्यांतले नव्हेत. शिवाय गाडी चालवायच्याही कोकिळाबाईच. शिवदासांना दोन चाकांवर तोल सांभाळणं जन्मात जमलं नाही. ते फुकटचं हेल्मेट घालून मागे बसत आणि तिथून खड्डे, वळणं आणि समोरून येणाऱ्या म्हशी यांबाबत सूचना देत. कोकिळाबाई त्या सूचना ऐकत नसत, पण कान झाकलेले असल्यामुळे त्या काय पुटपुटतात हे शिवदासांनाही कधी कळलं नाही. संसार सुखाचा चालला होता.

शिवदास मुरुडच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द ते ज्या थाटात लिहीत, तसे अख्ख्या जिल्ह्यात कुणी लिहीत नसेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत. नीट मसुदा केलेल्या अर्जापुढे जगातली कुठलीही अडचण फार वेळ उभी राहू शकत नाही, असं ते मानत. घरात या श्रद्धेला कुणी भीक घालत नसे ही गोष्ट वेगळी.

तर माघात ही स्कूटर चढावर खोकायला लागली. साधं खोकणं नव्हे, म्हाताऱ्या माणसाला ठसका लागावा तसं. कोकिळाबाई म्हणाल्या, "दिपेशकडे टाकू." झालं! कोकिळाबाईंनी 'टाकू' म्हटलं की ती टाकलेलीच असते.

हा दिपेश त्यांच्या माहेरचा, गावनात्याने भाचा. माहेर म्हणजे खाडीपलीकडचं आंबेकोंड. आगरदांड्याच्या जेटीवर गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, दिघीला उतरायचं आणि डोंगराच्या वाटेला लागायचं. दिपेशचं गॅरेज अलीकडे, आगरदांड्याला, जेटीच्या तोंडाशी. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्कूटरही तो करत असे. कोकिळाबाईंनी त्याला लंगोटात पाहिलेलं, त्यामुळे तो काय करतो नि काय करत नाही हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. "दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही हां मी माझी गाडी. तूच करायची," असं त्यांनी बजावलं. "व्हय आत्या," दिपेश म्हणाला. "चार दिवसांत देतो."

पैसेही आधीच दिले. दिपेश गमतीने म्हणाला होता, "आत्या, शिमगा आला, पोस्त नाय का देणार?" पोस्त म्हणजे शिमग्यात पोरं रस्ता अडवून मागतात ती खुशाली. कोकिळाबाईंनी तिथल्या तिथे मोबाइलवरून दुरुस्तीचे सगळे पैसे पाठवले आणि 'कशासाठी' या रकान्यात हौसेने लिहिलं: पोस्त. शिवदासांनी फक्त एवढंच विचारलं की पक्कं बिल केलं तर रक्कम वाढेल का. "वाढंल काका, थोडी." "मग राहू दे." आयुष्यभर चहाचीसुद्धा पावती फायलीला लावणाऱ्या माणसाच्या तोंडून हे तीन शब्द गेले. पुढे त्यांनी ते किती वेळा मनातल्या मनात परत घेतले, पण गेलेले शब्द कसले परत येतात.

चार दिवस गेले. मग आणखी गेले. शिवदास एसटीने आगरदांड्याला खेटे घालू लागले. पहिल्या खेपेला स्कूटरचं पुढचं कवच काढलेलं होतं. "झालंच काका," दिपेश म्हणाला आणि चहा सांगितला. दुसऱ्या खेपेला इंजिन बाहेर होतं. "झालंच काका." चहा. त्यानंतरच्या खेपेला तर स्कूटर अशी काही उरलीच नव्हती. एका कोपऱ्यात सांगाडा होता आणि बाकीचे अवयव खोबरेल तेलाच्या डब्यांतून निवांत पडले होते. शिवदास बघतच राहिले. दिपेशला त्यांची दया आली. "उभं नका राहू काका, बसा ना," म्हणत त्याने रंगाच्या एका रिकाम्या पिंपावर गुबगुबीत गादी ठेवली. शिवदास बसले. चहा प्याले. होडीवाल्या गिऱ्हाइकांशी मासळीच्या भावाबद्दल दोन शब्द बोलले. परत येताना एसटीत, पार राजपुरीचं वळण गेल्यावर, त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की ती गादी ओळखीची होती. ती त्यांच्याच स्कूटरची सीट होती. म्हणजे त्या माणसाने त्यांना त्यांच्याच सीटवर बसवून, त्यांच्याच पैशाचा चहा पाजून, वाटेला लावलं होतं!

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. गाडी बिघडली हे दुःख नव्हतं, पैसे अडकले हेही एक वेळ सोसलं असतं. पण आपण त्या सीटवर आरामात टेकून बसलो होतो, ही आठवण त्यांना घास गिळू देईना.

कोकिळाबाई मात्र शांत. "देईल हो. आपला मुलगा आहे. शिमग्याच्या आधी मला गाडी लागते हे त्याला माहीत आहे."

आणि शिमग्याला गाडी का लागते, तर सोमजाईची पालखी. शिमग्यात ती देवळातून निघते आणि आंबेकोंडच्या घराघरांत जाते. कोकिळाबाईंची आई गेली काही वर्षं अंथरुणावर होती. देवळाची पायरी तिला संपली होती. वर्षातून एकदा देवीच दारात यायची, तेवढंच दर्शन. त्या दिवशी आईला खुर्चीत बसवून उंबऱ्यापर्यंत आणायचं आणि तिचा थरथरता हात आपल्या हातात धरून देवीची ओटी भरायची, हे काम कोकिळाबाईंचं. बाळाजीला, म्हणजे भावाला, ते जमत नसे. तो लगेच रडायचा. "पुढच्या शिमग्याचं कुणी बघितलंय," असं आई दर वर्षी म्हणायची आणि या वर्षी ते खरं वाटायला लागलं होतं. ओटीचं हिरवं पातळ, खण, नारळ, सगळं कपाटात काढून ठेवलेलं होतं.

पालखीवरून कोकिळाबाईंची एक आठवण होती. लहानपणी बाळाजीला दांडा पेलेना म्हणून त्यांनी पुढे होऊन स्वतःचा खांदा लावला होता. मोठ्या माणसांनी कान धरून त्यांना बाहेर काढलं आणि घरी आईने पाठीत धपाटे घातले ते वेगळेच. "पोरींचा खांदा नसतो गं भवाने!" हे त्या हसत हसत सांगत, पण दर वर्षी सांगत.

शिवदासांनी आपलं गाऱ्हाणं शेजारच्या धर्माभाऊंच्या कानावर घातलं. धर्माभाऊंनी मुंबईत ज्या बिल्डिंगवर वॉचमन म्हणून नोकरी केली, तिथे सगळे वकील राहत. त्यामुळे त्यांचा कायदा पक्का. ते म्हणाले, "शिवदासशेट, फोर ट्वेंटी! सरळ फोर ट्वेंटी! आता नंबर बदलला म्हणतात, पण लबाडी तीच हाय. पोलिसात जा. नुसता अर्ज दिसला ना, तरी स्कूटर आपली आपण चालत घरी येईल."

अर्ज म्हटल्यावर शिवदासांना हुरूप आला. त्यांनी दोन बाजूंनी समास सोडून अर्ज केला आणि पोलीस ठाणं गाठलं. हवालदारांनी तो शेवटपर्यंत वाचला, हे त्यांचं मोठेपण.

"मेकॅनिक फरार आहे का?"

"नाही. गॅरेजातच असतो."

"गाडी विकली त्याने?"

"नाही. आहे तिथेच. डब्यांत."

"फोन उचलतो?"

"पहिल्या रिंगला उचलतो."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग काका, मी लिहू काय? फसवणूक म्हणायची तर सुरुवातीपासून फसवायचा इरादा पाहिजे. तसं काही वाटलं तुम्हाला?" शिवदासांनी दिपेशचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. त्या चेहऱ्यावर चहा सांगण्यापलीकडे कुठलाही इरादा त्यांना आठवेना. "ही दिवाणी बाब झाली," हवालदार म्हणाले. "ग्राहक आयोगाकडे जा, अलिबागला. नाहीतर वकील बघा. आणि अक्षर सुंदर आहे हां तुमचं."

ग्राहकांच्या हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलली. तिने बिलाचा नंबर विचारला. शिवदासांनी फोन कट झाल्याचं नाटक केलं.

शेवटी वकील. कुलदीप वकिलांचं ऑफिस मुरुडला एका लॉजच्या वर होतं. मुंबईच्या लोकांना समुद्राकाठचे प्लॉट घेऊन देणं हा त्यांचा मुख्य धंदा, पण तरुण माणूस, लढायची खुमखुमी होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बिल नाही?"

"नाही."

"हरकत नाही. पैसे मोबाइलवरून गेलेत ना? तो पुरावा." शिवदासांनी मोबाइलवर आणलेला त्या नोंदीचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. "हे काय लिहिलंय? पोस्त?" त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "दिवेकर, कागदावर तुम्ही त्याला शिमग्याची खुशाली दिलीय. आणि ती परत मागताय."

शिवदासांचा चेहरा बघून वकिलांनाच वाईट वाटलं. "असू दे. आधी नोटीस काढू. निम्मी माणसं नोटिशीनेच सरळ होतात. गाडी बाईंच्या नावावर, पैसे बाईंच्या फोनवरून, म्हणजे नोटीस त्यांच्या नावाने. त्यांची सही लागेल वकीलपत्रावर."

इथे शिवदास अडले. कोकिळाबाई असल्या कागदावर सही करतील हे शक्यच नव्हतं. पण हेडक्लार्कच्या हाताला सह्या कशा घ्यायच्या हे ठाऊक असतं. त्यांनी गॅसच्या केवायसीचे फॉर्म आणले आणि त्यांत मध्येच हा कागद सरकवला. कोकिळाबाई भाकरी थापत होत्या. "परत केवायसी?" म्हणत, हाताचं पीठ पदराला पुसून, त्यांनी भराभरा सह्या ठोकल्या. तेव्हा शिवदासांना जरासं चुकल्यासारखं वाटलं, नाही असं नाही. पण त्यांनी स्वतःला समजावलं, की शिमग्याच्या आधी गाडी दारात उभी राहील तेव्हा हीच म्हणेल, बाई गं, काय हुशार माझा नवरा.

नोटिशीचा मसुदा वकिलांनी केला, पण तो शिवदासांना मिळमिळीत वाटला. त्यांनी रात्रभर, छे, रात्र कशाला, शाळेच्याच वेळात बसून त्यात जान ओतली. 'सदर इसम' घातलं. 'लबाड, बेजबाबदार व अप्रामाणिक प्रवृत्तीचा' घातलं. 'माझे अशिलाच्या भोळेपणाचा गैरफायदा घेऊन' हेही घातलं. वकिलांनी विचारलं, पत्ता कुठला टाकू, गॅरेजचा? आणि इथे शिवदासांच्या साऱ्या नोकरीतला कर्मठपणा उसळून वर आला. "कायमचा पत्ता टाका," ते म्हणाले. "नियमाने कायमचाच पत्ता टाकायचा असतो." आणि नोटीस रजिस्टर पोस्टाने आंबेकोंडला गेली.

आता आंबेकोंडला पोस्टमन पोचला तेव्हा दिपेश गॅरेजवर होता, आणि बाकी सगळं गाव देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्याशी, शिमग्याची ठरवाठरवी करत बसलं होतं. दिपेशच्या बापाने सही करून पाकीट घेतलं. सरकारी शिक्का बघून म्हातारा घाबरला. पोरगं कुठे नोकरीला लागलं की काय, असंही कुणी म्हणालं. "वाचा जरा," म्हणून त्याने ते पोस्टमनच्याच हातात दिलं, आणि पोस्टमनचा आवाज खणखणीत होता.

संध्याकाळी कोकिळाबाईंना बाळाजीचा फोन आला. शिवदास बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते. जाहिराती लागल्या तेव्हा त्यांनी आत डोकावलं. कोकिळाबाई फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"माझ्या नावाने?" त्या म्हणाल्या.

शिवदासांनी कायद्याची बाजू समजावायला सुरुवात केली. कोकिळाबाईंनी ती पुरती ऐकून घेतली, आणि हेच भयंकर होतं, कारण एरवी त्या कधीच ऐकत नसत.

बाळाजीने सांगितलं ते असं. पालखीच्या पुढच्या दांड्याला दिपेशच्या घराचा मान. त्यांचा खांदा लागल्याशिवाय पालखी उचलायची नाही, ही आंबेकोंडची रीत. आणि दिपेशने गावाला सांगितलं होतं की पालखी मी गावभर नाचवेन, पण ज्या घरातल्या लेकीने मला नोटीस धाडली त्या घराची पायरी मी कोणत्या तोंडाने चढू? कज्जा खांद्यावर घेऊन देवीखाली शिरायचं नसतं. त्याने तावातावाने नव्हतं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं होतं.

"म्हणजे आईच्या दारात यंदा पालखी नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. उठून कपाटातलं हिरवं पातळ काढलं, घडी होतीच, ती मोडून परत घातली. "तुम्हाला स्कूटर पाहिजे होती ना? मला आई पाहिजे होती हो. तिचा तेवढा एक दिवस पाहिजे होता."

आपण काय करून बसलो हे शिवदासांना तेव्हा कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते धावत वकिलांकडे गेले, नोटीस मागे घ्या म्हणून. कुलदीप वकिलांनी हकीकत ऐकली आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. "पालखी बंद केली? गावाने? दिवेकर, हा सामाजिक बहिष्कार! त्याला स्वतंत्र कायदा आहे! आता तर फौजदारी झाली! गावच्या सगळ्या पंचांची नावं द्या मला." शिवदास चप्पल अर्धवट पायात घालून जिना उतरले. मागून वकील ओरडत होते, "अहो, पक्की केस आहे!"

मग पालखीच्या आदल्या दिवशी नवरा-बायको एसटीने आगरदांड्याला आली आणि फेरीबोटीत चढली. गाडीशिवाय. बोटीत सगळे आपापल्या गाड्यांवर रेलून उभे होते. दिवेकर जोडपं ओटीची पिशवी मध्ये ठेवून कठड्याशी उभं राहिलं. शिवदासांनी सवयीने हेल्मेट बरोबर आणलं होतं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

दुपारी सहाणेवर गाव जमलं. गावकीचे अध्यक्ष गणूबाबा, अंगाने किडकिडीत पण आवाज ढोलासारखा. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "हे बघा पावणं, आमी कुनाला वाळीत टाकत न्हाय. तो कायदा आमाला म्हाईत हाय. पालखी सगळ्यांची हाय. पण खांदा देनाराच रुसला तर त्याला आमी उचलून खांद्याखाली घालू काय?" मग त्यांनी ती नोटीस पुढे केली. "ज्याने लिवली त्याने वाचावी. म्हंजी काय झालंय ते सगळ्यांला कळंल."

शिवदासांनी कागद हातात घेतला. समोर दिपेशची आई बसली होती, पदर तोंडाला लावून. बापाची नजर जमिनीवर. शिवदासांनी घसा साफ केला. "सदर... सदर दिपेश याने, थोड्याशा... अनवधानाच्या प्रवृत्तीने..."

"काका," दिपेश हळूच म्हणाला, "तिथं 'लबाड' हाय."

"हां. लबाड. आणि, अं, कामाचा जरा व्याप असल्याने..."

"'बेजबाबदार व अप्रामाणिक'. मला पाठ झालीय ती आता."

शिवदासांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी पुढचं वाचलं, जसंच्या तसं, आणि शाळेत वर्षानुवर्षं मिरवलेला एकेक शब्द त्यांना दिपेशच्या आईकडे बघत उच्चारावा लागला. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी करून तो गणूबाबांना परत दिला.

मग दिपेश बोलला. "माझी चूक हाय. पैसं घेतलं, काम न्हाय केलं. गाडी खोलली, पर खोकला कशाचा ते मला घावंचना. ही नवी गाडी, सगळं वायरीचं काम. मला होडीचं इंजिन सांगा, डोळं झाकून करीन. एक पार्ट मागवला, तो दुसराच आला. पैसं त्यात गेलं."

"अरे मग सांगायचंस ना!" शिवदास कळवळून म्हणाले.

"कसा सांगू? आत्या म्हनली, दुसऱ्याच्या हातात देनार न्हाय, तूच कर. माझ्यावर एवढा इस्वास टाकला, तिला न्हाय कसा म्हनू? म्हनून रोज खोलत बसलो." मग तो आत्याकडे वळला. "मला लबाड म्हना, चालंल. पर आत्याने मला 'सदर इसम' का म्हनावं? मी इसम हाय काय तिचा?"

कोकिळाबाई इतका वेळ बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या, सरळ त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "गाढवा," त्या म्हणाल्या आणि मग मात्र त्यांना रडू आलं. तोही रडायला लागला. बाळाजी तर कधीचाच रडत होता.

गणूबाबांनी खाकरून सगळ्यांना भानावर आणलं. "बरं. कज्जा मिटला म्हना. पर रीत हाय. मिटल्याची खूण म्हनून दोन्ही बाजूंनी एका दांड्याला खांदा द्यायचा, नि जिथं रुसवा झाला ती पायरी संगट चढायची. मग देवीपुढं काय ऱ्हात न्हाय."

शिवदास तत्परतेने उभे राहिले. "मी देतो खांदा. माझा अपराध आहे."

"तुमी पावणं. पावण्यांचा खांदा नसतो. नि नोटीस तुमच्या नावाची हाय काय?"

"मसुदा माझा."

"सही?"

शिवदास हेल्मेटचा पट्टा चाळवू लागले. कुणीतरी म्हणालं, "कोकिळाताईची." एकदम कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, बाईमाणसाचा खांदा कुठं असतो काय. दुसरा म्हणाला, तिच्या बदल्यात बाळाजीला लावा, आहे काय त्यात. बाळाजीने डोळे पुसले आणि तो पुढे झाला. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

शिवदासांनी बायकोकडे पाहिलं. कोकिळाबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या सहाणेवर आडव्या ठेवलेल्या दांड्याकडे बघत होत्या, नवा रंग दिलेला, टोकाला पितळ बसवलेलं. शिवदासांना त्या क्षणी एवढंच करायचं होतं, की सही आपण फसवून घेतली होती हे कबूल करायचं, म्हणजे ती बिचारी मोकळी झाली असती. त्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी ते मिटलं. हातातलं हेल्मेट काखेत धरलं, चष्मा वर सरकवला आणि ज्या आवाजात ते शाळेत पालकांना परत पाठवतात, त्या आवाजात म्हणाले:

"असं चालणार नाही. कागदावर पक्षकार म्हणून सौ. कोकिळा शिवदास दिवेकर यांचं नाव आहे. सहीही त्यांचीच आहे. समेट करायचा तर मूळ पक्षकारानेच जातीने हजर राहायला लागतं. बदली माणूस नियमात बसत नाही."

"असा नेम हाय?" गणूबाबांनी विचारलं.

"आहे," शिवदासांनी ठोकून दिलं. "बदली माणसाने केलेला समेट धरतच नाहीत. कज्जा जागच्या जागी राहतो."

गणूबाबांनी दिपेशकडे बघितलं. दिपेश म्हणाला, "बाळाजीकाकांनी मला नोटीस न्हाय धाडली. जिने धाडली तिनेच माझ्या शेजारी खांदा द्यावा." गणूबाबा बराच वेळ दाढी खाजवत राहिले. रीत त्यांनीच सांगितली होती, आता ती त्यांच्याच गळ्यात पडली होती. "कागद बोलतो तर काय करनार," ते शेवटी पुटपुटले. "पर फक्त त्या एका दारापुरतं हां!"

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना पालखी बाळाजीच्या अंगणात आली. ढोल घुमत होता, गुलाल उडत होता. आईला खुर्चीत बसवून उंबऱ्यात आणलं होतं. पायरीशी पालखी थांबली, पुढचा एक गडी बाजूला झाला, कोकिळाबाईंनी पदर खोचला आणि दिपेशच्या शेजारी दांड्याखाली खांदा घातला. पहिल्या पायरीला त्या किंचित हेलकावल्या. दुसरीला नाही. शिवदास मागून "डावीकडे सांभाळ, डावीकडे!" असं ओरडत होते आणि ढोलामुळे ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

म्हातारीने आधी देवीकडे पाहिलं. मग खाली, दांड्याखालच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे. तिने ओळखलं की नाही असं वाटेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने थरथरता हात पुढे केला आणि आधी देवीला नव्हे, लेकीच्या खांद्याला लावला, जिथे दांडा टेकला होता तिथे. "तेव्हा मी तुला मारलं होतं गं," ती म्हणाली. कोकिळाबाईंना हात सोडता येत नव्हते, म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत.

स्कूटरचं म्हणाल तर दिपेशने ते डबे आणि सांगाडा टेम्पोत घालून माणगावच्या एका ओळखीच्या गॅरेजात नेले, तिथे शेजारी बसून काम शिकून घेतलं आणि गाडी स्वतः चालवत मुरुडला आणून दिली. सीट धुऊन, पुसून. खोकला गेला. आता चढावरही ती सुतासारखी जाते.

पुन्हा माघ आला, शिमगा जवळ आला. आई अजून आहे. एके दिवशी शिवदास हेल्मेट घालून मागे बसले होते आणि गाडी आगरदांड्याच्या चढावर काही कुरकुर न करता चढत होती. वर पोचल्यावर कोकिळाबाईंनी गाडी बाजूला घेतली, उतरल्या, उगीचच पुढच्या चाकाला पायाने दोन टोले दिले. मग नवऱ्याच्या हेल्मेटची काच स्वतःच्या हाताने वर केली, म्हणजे नीट ऐकू जावं.

"अहो," त्या म्हणाल्या, "यंदा दिपेशला नोटीस कधी पाठवायची?"